सहावी खुंटी

पहाटे साडेचार. गजर नसायचा. चौतीस वर्षं सहाच्या पाळीला हजर राहून अंगात मुरलेली ती वेळ. कारखाना बंद झाला तरी तिने त्याला सोडलं नाही. डोळे उघडायचे, पाय जमिनीला लागायचे आणि मग आठवायचं, की आता जायचं कुठेच नाही.

मग तो चहा टाकायचा. एक कप स्वतःला, एक बायकोसाठी झाकून. खिडकीखालच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, चष्मा चढवायचा आणि आदल्या दिवशी खोललेल्या गिटारीचे तुकडे ओळीने मांडायचे. पाचच्या आत काम सुरू.

आम्ही त्याला आरसा म्हणायचो. आमचा नळांचा कारखाना. ओतून आलेला पितळी नळ खडबडीत असतो, काळपट असतो. आरसा तो फिरत्या कापडी चाकावर धरायचा. एका पाळीत तीनशे वीस नळ. ऐकायला सोपं वाटतं. नळ तापतो, हातमोज्यातूनही पोळतो. चाकाला लावलेली मेणाची वडी वितळते, काळी होऊन उडते आणि नाकात बसते. दाब थोडा जास्त पडला की कडा झिजते, कमी पडला की ओरखडा राहतो. दुपारी भोंगा व्हायचा तेव्हा हा नखशिखांत काळा, आणि त्याचे नळ असे, की पोरं त्यात बघून भांग पाडायची. नाव तिथूनच पडलं.

मी पुढच्या खात्यात, मुलामा चढवायच्या टाकीवर. त्याच्या हातचा नळ माझ्याकडे यायचा. लोकांना वाटतं मुलाम्याखाली सगळं झाकलं जातं. उलट आहे. खाली केसाएवढा ओरखडा असला तर मुलामा तो चारपट मोठा करून दाखवतो. आरशाच्या नळात मला चौतीस वर्षांत असा ओरखडा किती वेळा सापडला? सात वेळा. मी मोजले आहेत आणि त्याला तारखांसकट सुनावलेही आहेत.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी दुसऱ्या मजल्यावर, तो चौथ्या. मजल्याला अठरा पायऱ्या. म्हणजे त्याच्या दारापर्यंत बहात्तर. हा आकडा लक्षात ठेवा, सगळं त्याच्यापायीच घडलं.

वहिनींचे गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलता येतो, पण यांचं हृदय तेवढी भूल सोसायचं नाही. जिना बंद. त्या दिवशी इस्पितळातून आरशाने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. गिटारी घरात आल्या तोवर चौदा महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. त्यांचा सगळा व्यवहार खिडकीतून. दोरीला एक टोपली, टोपलीला वजन म्हणून आरशाने घासलेला एक नळ बांधलेला. दूध, भाजी, वर्तमानपत्र, सगळं त्यातून वर. वहिनी बसल्या जागेवरून रस्त्याची खबर ठेवायच्या. कोण कुठे गेलं, कोण कुणाशी बोलत नाही, हे मला त्यांच्याकडून कळायचं. आणि मी तर रोज त्या रस्त्यावरून चालत होतो!

गिटारी आल्या कशा, ते सांगतो.

रस्त्याच्या कोपऱ्यावर वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. म्हातारा झाला, दुकान आवरायला काढलं. मागच्या खोलीत मोडक्या गिटारींचा ढीग होता. कुणाची दांडी तुटलेली, कुणाचं पोट फुटलेलं. भंगारवाल्याने लाकूड नको म्हणून नाक मुरडलं. आरसा तिथून चालला होता. त्याला दिसल्या खुंट्या. गिटारीच्या डोक्यावर सहा खुंट्या असतात, तारा पिळायच्या. प्रत्येकीला एक छोटं दातेरी चक्र. धातू म्हटला की याचे पाय थांबतात.

"हे सगळं केवढ्याला?" त्याने विचारलं.

"वाजवता येतं का तुम्हाला?" दुरुस्तीवाला म्हणाला.

"नाही."

"मग काय करणार?"

"बघतो."

भंगाराच्या भावाने ढीग विकत घेतला आणि दोन दिवसांत अकरा खेपा करून बहात्तर पायऱ्या चढवला. मी चार खेपांना हात दिला. वहिनी दारात टेकून बघत होत्या.

"अहो, माझे गुडघे गेलेत, तुमची अक्कल कधी गेली?"

"पितळ आहे गं त्यात."

"पितळ उघडं पडलंय तुमचं! बसायला जागा ठेवा मला."

दुसऱ्या गावी असलेल्या मुलीला फोनवर हे कळलं. ती म्हणाली, "बाबा, भंगारात घालू नका. असल्या सुट्या भागांचा ऑनलाइन लिलाव होतो. फोटो टाकायचा, सात दिवस थांबायचं, लोक बोली लावतात. जास्त बोली ज्याची, त्याला पाठवायचं."

"जुन्या स्क्रूचा लिलाव?"

"टाकून तर बघा."

तिने फोनवर खातं उघडून दिलं. फोटो आणि मजकूर वहिनींकडे आला, कारण आरशाची बोटं त्या पडद्यावर एकाच वेळी तीन अक्षरं दाबायची. परक्या भाषेतल्या मजकुराचं भाषांतर फोनच करून द्यायचा. पहिला लिलाव चार गंजलेल्या स्क्रूंचा. वहिनींनी लिहिलं, "चार स्क्रू. गंजलेले. कोणत्या गिटारीचे ते माहीत नाही." बंद व्हायची वेळ आरशाने ठरवली पहाटे साडेचार, कारण आपण जागे असायला हवं.

मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, त्या वेळी कोण बोली लावणार?"

पण समुद्रापलीकडे तेव्हा रात्रीच्या जेवणानंतरची वेळ असते, हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. तिघांनी बोली लावली. चार गंजके स्क्रू गेले आमच्या एका पाळीच्या मजुरीला.

आरसा सकाळी सहाला माझ्या दारात. चेहरा असा, जणू कुणी खिसा कापला.

"चार स्क्रू, अरे! गंजलेले! मी नव्या स्क्रूचा डबा उभ्या आयुष्यात एवढ्याला घेतला नाही. का घेतले असतील?"

"तुला काय करायचंय? पैसे आले ना?"

"पण का?"

त्याला तो प्रश्न स्वस्थ बसू देईना. शेवटी वहिनींकरवी त्याने त्या गिऱ्हाइकाकडे विचारणा केली. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्या माणसाची गिटार त्याच्या वडिलांची होती. एक स्क्रू कधीतरी हरवला होता. नवा लावला तर तो एकटाच चमकतो, सारखं लक्ष तिकडे जातं. बाकीच्यांच्या वयाचा हवा होता.

"वयाचा," आरसा म्हणाला. दिवसभर तेवढाच एक शब्द.

तेव्हापासून नियम झाला. पार्सलमध्ये वहिनींच्या हातची चिठ्ठी जायची: हे कशासाठी घेतलंत, ते जमल्यास कळवा. बहुतेक जण कळवायचे. एका बाईने फुटकं बटण घेतलं होतं, तिच्या भावाच्या गिटारीला तसंच फुटकं बटण होतं म्हणून. गिटार चोरीला गेली होती, ती नवी गिटार तशीच जमवत होती. एकाने वाकडी घोडी घेतली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. त्याने लिहिलं, "सरळ माझ्याकडे आहे. वाकडीचा आवाज कसा येतो ते बघायचंय." आरसा ही उत्तरं मला वाचून दाखवायचा. आमच्या तीनशे वीस नळांपैकी एक तरी कुणाच्या घरी गेला, कुणी उघडला, आम्हाला कधी कळलं होतं का?

पण एक गोष्ट त्याला उमगायला वेळ लागला, आणि ती गोष्ट त्याच्या हाताविरुद्ध होती.

सुरुवातीला त्याने एक जुनी घोडी चांगली घासली. खिडकीत पाव अश्वशक्तीची मोटर बसवली होती, तिला कापडी चाक, भोवती खोक्याचा आडोसा. अडीच तास मेहनत. घोडी अशी निघाली, की मी तिच्यात माझ्या दाढीचे खुंट मोजले. सात दिवसांत बोली आली एक. तीही लाज राखायला आल्यासारखी.

दुरुस्तीवाला अधूनमधून वर यायचा. त्याने ती बघितली आणि खाली बसला.

"काय केलंत हे?"

"साफ केली."

"अहो, हिच्यावर पन्नास वर्षं होती. तीच तर विकायची होती. तुम्ही ती घासून टाकलीत!"

"मळ होता तो."

"लोक त्या मळाचेच पैसे देतात."

आरशाला हे पटायला महिना लागला. मुळात हे पटणार तरी कसं? ज्या गोष्टीला खोट म्हणायला चौतीस वर्षं पगार घेतला, तिलाच आता माल म्हणायचं. पण शिकला. मऊ ब्रश, कोरडं फडकं, बस. चाकाला हात नाही. हाताची खाज भागवायला त्याने इमारतीतले सगळे नळ घासले. मग कड्या. मग जिन्यातल्या टपालपेट्या. मालकीणबाई म्हणाल्या, "इमारत माझी आहे की दागिन्यांचं दुकान?"

असं दीड वर्ष चाललं. घरखर्च निघून थोडं शिल्लक पडायचं. ते वहिनी पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आणि कशासाठी ते सांगायच्या नाहीत.

मग तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, तीन महिन्यांनी मी मुलीकडे राहायला जातो.

तळमजल्यावर दोन खोल्या. मागे फरशीचा तुकडा, पुढे रस्ता. दाराला एकच पायरी. वहिनींनी त्याच संध्याकाळी डबा टेबलावर ठेवला.

"ह्यासाठी," त्या म्हणाल्या.

मालकीणबाईंनी अनामत सांगितली. आरशाची चौथ्या मजल्यावरची अनामत तीस वर्षांपूर्वीची, आजच्या भावात तिची काही किंमत नव्हती. नवी रक्कम म्हणजे त्याच्या शेवटच्या पगाराचे पाच महिने. डब्यात होते दोन महिन्यांचे. मालकीणबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचंही त्यावरच चालायचं. "शिंपी जाईल त्या दिवशी पूर्ण रक्कम. नाहीतर बाहेरची दोन माणसं विचारून गेलीत," त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तीन महिन्यांत तीन महिन्यांचा पगार कमवायचा. घोड्या-बटणांनी ते होणार नव्हतं.

ढिगाच्या तळाशी एक तुटलेलं डोकं होतं. नुसतं डोकं, बाकी गिटार नाही. त्याला सहा खुंट्या. राखाडी, पिवळट, कोपऱ्यात मळ दाटलेला. दुरुस्तीवाल्याने ते खिडकीपाशी नेलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"हे माझ्या दुकानात होतं?"

"सगळ्यात खाली."

"अहो, असा पूर्ण जोड मी आयुष्यात दोनदा बघितलाय. सहाच्या सहा, एकही बदललेली नाही. मागचा कंपनीचा छापसुद्धा शाबूत आहे. हलक्या हाताने काढा. आणि कृपा करून..." त्याने मोटरकडे बघितलं.

"मी काय आता नवशिका आहे?" आरसा म्हणाला.

काय मिळेल तेही दुरुस्तीवाल्याने सांगितलं. दोन-अडीच महिन्यांच्या पगाराएवढं. म्हणजे काम जवळजवळ झालंच. वहिनींनी खिडकीतून शिंप्याला खाली ओरडून विचारलं, "मागच्या फरशीवर ऊन किती वाजता येतं हो?"

तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी तिथेच होतो. सकाळचे नऊ. आरसा खुंट्या काढून ब्रशने साफ करत होता. एका खुंटीला जुन्या तारेचा तुकडा अडकून बसला होता. तो कापडी चाकाच्या कडेने अलगद निघाला असता, म्हणून त्याने मोटर चालू केली. तेवढ्यापुरतीच. मी समोर बसलो होतो. विषय निघाला आमच्या मुकादमाचा, नळ मोजताना जो नेहमी आमच्याकडून एक फुकटचा जास्त धरायचा. आरसा हसत होता, सांगत होता आणि खुंटी फिरवत होता. बूड, कड, पाठ, कड. बूड, कड, पाठ, कड. मेणाची वडी कधी लागली ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही. मी बघत होतो, हे कबूल करतो. डोळ्यांसमोर चाललं होतं. पण त्यात मला काही वेगळं दिसलंच नाही. चौतीस वर्षं तो माझ्यासमोर असाच बोलत उभा होता.

मोटर बंद झाली. त्याने खुंटी उजेडात धरली. खिडकीतलं ऊन तिच्यावरून उडून छतावर पडलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी आधी छताकडे बघितलं, मग त्याच्या हाताकडे.

खाली भाजीवाला ओरडत होता. आरशाने ती खुंटी बाकीच्या पाचांशेजारी ठेवली. पाच म्हातारे बाकड्यावर बसलेत आणि शेवटी एक नवरदेव, तशी ती ओळ दिसत होती.

"मी काही बोलणार नाही," वहिनी म्हणाल्या. मग त्या चांगल्या अर्धा तास बोलल्या. सगळं लिहीत नाही. शेवट असा होता: "मुकादमाला इतकी वर्षं शिव्या घातल्यात. मेल्याने आज एक खुंटी जास्त धरली!" आणि त्या हसायला लागल्या, आणि मग त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

दुरुस्तीवाला आला. त्याने डोक्यावर हात मारला नाही. तो धंद्यातला माणूस. "उपाय आहे," म्हणाला. "बरणीत ॲसिड, वर खुंटी टांगायची, झाकण लावायचं. वाफेने दोन तासांत पन्नास वर्षं परत. मग थोडं तेल, थोडी धूळ. बरेच जण करतात."

ॲसिड माझ्या हातातलं काम. म्हणून मीच पुढे झालो. खरी खुंटी सोडून तशाच घडणीच्या, घासून घेतलेल्या एका भंगार खुंटीवर आधी करून बघितलं. गच्चीवर गेलो, तोंडाला फडकं बांधलं. एक तास पन्नास मिनिटांत रंग जमला. तेल, पेन्सिलीची पूड, पायपुसण्यावरची धूळ. मग ती पाच खुंट्यांत मिसळून टेबलावर ठेवली.

वहिनींना ओळखता आली नाही. दुरुस्तीवाल्याने दोनदा चुकीची उचलली. मला बरं वाटलं, खोटं का बोलू? हातात अजून कसब आहे, हे कुणाला आवडत नाही?

आरशाने एकेक खुंटी बोटांत फिरवली आणि माझी बाजूला काढली.

"ही."

"कशावरून?"

"ह्या पाचांवर बघ. अंगठा लागतो तिथे मळ नाही. कुणीतरी रोज पिळलीय. तुझी सगळीकडून सारखी जुनी आहे. हिला कुणाचा हात लागलेला नाही."

"एवढंच ना? अंगठ्याची जागा मी फडक्याने पुसून देतो. दहा मिनिटं."

"देशील, माहीत आहे मला." त्याने खुंटी खाली ठेवली. "आणि मग मी चिठ्ठीत काय विचारू? हे कशासाठी घेतलंत? आणि त्याने उलट विचारलं, ही कुठली, कुणी वाजवली, तर?"

"कोण विचारतंय?"

"मी विचारतो ना सगळ्यांना! दीड वर्ष विचारतोय. लोक खरं सांगतात."

दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, तळमजला जाईल हातचा."

आरशाने वहिनींकडे बघितलं. पायऱ्या त्यांच्या होत्या, तेव्हा बोलायचा हक्कही त्यांचाच. त्यांनी फोन उचलला. "सरका जरा," मला म्हणाल्या, "फोटोत सावली पडतेय तुमची."

सहाही खुंट्या ओळीने. पाच मळकट, एक लखलखीत. मजकूर असा गेला: "सहा खुंट्यांचा जोड. पाच जशा मिळाल्या तशा. सहावी चुकून घासली गेली. घासणाऱ्याने चौतीस वर्षं नळ घासले, बोलता बोलता हात थांबला नाही. पुन्हा जुनी करता आली असती, केली नाही. चालत असेल तरच बोली लावा."

पहिल्या दिवशी आठ बोल्या. मग शुकशुकाट. तीन जणांनी लिहिलं की सहावीही बाकीच्यांसारखी असती तर तिप्पट दिले असते. एकाने नुसतं "का?" विचारलं. आरसा म्हणाला, "हा माझ्यासारखाच दिसतोय." सातव्या दिवशी पहाटे साडेचारला लिलाव बंद झाला. मिळाले तीन आठवड्यांच्या पगाराएवढे.

शिंप्याला जायला सव्वादोन महिने राहिले होते आणि डब्यात अजून सव्वादोन महिन्यांचा पगार कमी होता. वहिनींनी त्याला ऊन कधी येतं ते पुन्हा विचारलं नाही.

चार दिवसांनी निरोप आला. "का?" विचारणाऱ्याचाच. त्यानेच जोड घेतला होता. तो जुन्या गिटारी दुरुस्त करणारा निघाला. आता आमच्या चिठ्ठीला त्याने उत्तर दिलं होतं. वहिनींनी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा आम्हा दोघांचा विश्वास बसला नाही.

त्याला पाच खुंट्या हव्याच होत्या, पण बोली लावली ती सहावी बघून. फोटो मोठा करून बघितला होता त्याने. खुंटीच्या पाठीवर छाप असतो, बारीक अक्षरांचा. चाकावर धरली की आधी तोच जातो, कडा गोल होतात, आणि वस्तू चोखलेल्या गोळीसारखी दिसायला लागते. या खुंटीचा छाप जसाच्या तसा होता. कडेवर बोट कापेल अशी धार. त्याने लिहिलं होतं: "मला असं करून देणारा माणूस अकरा वर्षं सापडला नाही. सगळ्यांना मळ हवा असतो असं नाही. काहींना आपली गिटार घेतली त्या दिवशी होती तशी हवी असते. तुम्ही काम घेता का?"

आरसा उठला. मोरीत जाऊन हात धुतले. परत आला.

"किती नग म्हणतोय?"

"पहिल्यांदा वीस," वहिनी म्हणाल्या. "मग बघू म्हणतोय."

"वीस!" आरसा म्हणाला. "आमच्याकडे वीस नग चहाच्या आधी व्हायचे."

झाले नाहीत. नळ केवढा, खुंटी केवढी. बोटाच्या पेराएवढी वस्तू चाकावर धरायची म्हणजे बोटाचं पेरही चाकावर धरायचं. हातमोजा घातला तर कड कळत नाही, काढला तर कातडी जाते. त्याने लाकडाचे छोटे चिमटे करून घेतले, सात प्रकारचे. छापाच्या बाजूला चाक न लावता वेताच्या काडीला कापड गुंडाळून हाताने घासायचं. एका खुंटीला चाळीस मिनिटं. पहिले वीस नग नऊ दिवस चालले, कारण त्यातले चार त्याने स्वतःच नापास करून पुन्हा केले. मी तपासायला बसायचो, भिंग घेऊन. जुनं खातं पुन्हा सुरू झालं, फक्त टाकी नव्हती. एका नगावर मला ओरखडा सापडला.

"आठवा," मी म्हणालो.

"तारीख लिहून ठेव," तो म्हणाला.

वीस पोचले. मग पन्नास आले. मग त्या माणसाने आणखी दोघांना सांगितलं. आता टोपली भरलेली वर यायची. धातूने भरलेली टोपली चार मजले ओढायला वहिनींचे दंड दुखायचे, पण त्या दुसऱ्या कुणाला दोरी देईनात. "पाय तुमच्या जिन्याने खाल्ले, हात तरी वापरू द्या," म्हणायच्या. पहाटे पाच ते बारा आणि तीन ते सहा, दिवसाला चौदा नग. दीड महिना, एकही सुट्टी नाही. त्याच्या दोन्ही अंगठ्यांची कातडी तीनदा निघाली. मी हे कौतुकाने सांगत नाही. काम म्हटलं की ते तेवढं असतं.

शिंपी गेला तो मंगळवार होता. आदल्या दिवशी संध्याकाळी डबा पुरा भरला. आरशाने पैसे मालकीणबाईंना दिले, पावती घेतली, आणि त्या आत वळल्या तशी त्याने त्यांच्या दाराची कडी अंगठ्याने घासून बघितली. मी पाहिलं.

वहिनींना खुर्चीतून नेऊ, असं आम्ही म्हणालो. त्या ऐकेनात. "एवढ्या मेहनतीच्या पायऱ्या, मी तुमच्या खांद्यावरून कशाला उतरू?" बसून उतरल्या. एक पायरी, मग पुढची. प्रत्येक मजल्यावर आरसा खुर्ची मांडून उभा. बावन्न मिनिटं लागली. जिन्यातल्या चकचकीत टपालपेट्या त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिल्या. "हे सगळं तुम्ही केलंत?" त्यांनी विचारलं. आरसा लाजला. बासष्टाव्या वर्षी.

खाली आल्यावर त्यांनी खोल्या बघितल्या नाहीत. सरळ पुढच्या दारातून ती एक पायरी उतरून रस्त्यावर गेल्या आणि उभ्या राहिल्या. भाजीवाला समोरच होता. चौदा महिन्यांवर आणखी एकवीस महिने त्याने फक्त वरून येणारा आवाज ऐकला होता. तो म्हणाला, "बाई, तुम्ही एवढ्याशा आहात होय!"

टोपली आता मागच्या फरशीवर असते, तिच्यात चिमटे ठेवतात. फरशीवर ऊन येतं साडेआठला. मोटर तिथेच बसवली आहे, आणि गिटारीचे मळकट भाग पुन्हा लिलावाला जायला लागलेत, चिठ्ठीसकट. पार्सलं वहिनी स्वतः टपालात नेऊन देतात. सातशे पावलं जायला, सातशे यायला, काठी टेकत. मध्ये दोनदा थांबतात.

डब्यातले आणि चाकावरचे मिळून पाच महिन्यांचे पैसे गेले. त्यात एवढं आलं. दोन खोल्या, एक फरशी आणि एकाहत्तर पायऱ्यांपासून सुटका.